दोन दिवस कमी, आठ महिने जास्त
(ऑपरेशन, वेदना आणि अफूच्या कुळातली औषधे)

तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी

स्थापत्य शाखेच्या मुलाने काँक्रीट सोडून ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर लेख लिहावा, याचं काहींना नवल वाटेल. माझ्या वर्गमित्रांनी तर ‘तू चुकून मेडिकलला जायचा राहिलास का?’ असंही विचारून झालं. पण हा विषय मी निवडला नाही, तो आमच्या घरात आला. दोन वर्षं मुक्काम ठोकून राहिला. त्या काळात जे पाहिलं, डॉक्टरांना विचारलं आणि नंतर ग्रंथालयात बसून वाचलं, ते इथे मांडतो आहे.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, कंदरच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याच्या काठी. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. आज त्याच पाण्यावर आमची केळी आणि ऊस उभा आहे. घेतलंही पाण्यानं आणि दिलंही पाण्यानंच, असा आमच्याकडचा हिशोब.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये, ऐन गळीत हंगामात, उसाची भरलेली ट्रॉली मागे घेताना आण्णांचा (माझ्या वडिलांचा) डावा पाय चाकाखाली आला. नडगीचं हाड मोडलं. त्याच रात्री ऑपरेशन करून आत सळई घातली. पाठीच्या मणक्यात दिलेली भूल पहाटे उतरली आणि खरी परीक्षा सुरू झाली.

सिस्टर येऊन सांगून गेल्या, ‘दुखलं तर सांगा.’ आण्णा काही बोललेच नाहीत. कपाळावर घाम, दात आवळलेले, पण तोंडातून शब्द नाही. मी म्हणालो, ‘आण्णा, सिस्टरला बोलवू का?’ तर म्हणाले, ‘आरं, माझ्या बापानं सगळी जमीन पाण्यात जाताना बघितली. ह्यो पाय काय घिऊन बसलास!’ दुखतं म्हणून ते हलले नाहीत, खोकले नाहीत, खोल श्वास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ताप आला, छातीत कफ साठला. मग चौथ्या दिवशी ट्रामाडॉलचं इंजेक्शन सुरू झालं. पहिल्यांदा त्यांना झोप लागली. घरी जाताना त्याच औषधाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, पाच दिवसांच्या.

त्या पाच दिवसांचे आठ महिने झाले.

वेदना म्हणजे नेमके काय?

पुढची गोष्ट सांगण्याआधी थोडा अभ्यास करू. आपल्या भाषेत सांगायचं तर वेदना हा एक सिग्नल आहे. जखमेच्या जागी पेशी फुटतात, त्यातून रसायने बाहेर पडतात आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके चेतवली जातात. हा सिग्नल दोन प्रकारच्या तारांमधून धावतो. एक जाड, आवरण असलेली तार. तिचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. ठेच लागल्याबरोबर जी तीक्ष्ण कळ येते ती हिची. दुसरी बारीक, उघडी तार. तिचा वेग सेकंदाला २ मीटरच्या आतच. नंतर तासन् तास जो ठणका राहतो तो हिचा. दोन्ही सिग्नल मज्जारज्जूत पोहोचतात आणि तिथून मेंदूकडे जातात.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी एक सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दरवाजा असतो आणि तो कमी-जास्त उघडतो, असं त्यांचं म्हणणं. मार लागलेल्या जागी आपण नकळत चोळतो आणि बरं वाटतं. याचं कारण स्पर्शाचे सिग्नल तो दरवाजा थोडा ओढून घेतात. वरून मेंदूही दरवाजा लोटू शकतो. भीती आणि जागरण असेल तर दरवाजा सताड उघडा, धीर आणि झोप असेल तर किलकिला. या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण वेदना वाटेत कमी-जास्त होते हा त्यातला गाभा टिकला.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल. वेदनेचा सिग्नल बराच वेळ बेफाम येत राहिला, तर मज्जारज्जूतल्या पेशींचा गेन वाढतो. अँप्लिफायरचं बटण कुणीतरी फिरवावं तसं. मग साधा स्पर्शही दुखायला लागतो. म्हणजे ‘सोसलं की सवय होते’ ही समजूत पुष्कळदा उलटी ठरते. सोसण्याने यंत्रणा बधिर होत नाही, अधिक हळवी होते.

उजनीचे दरवाजे

उजनीची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी आणि धरणाला दरवाजे ४१. ऑगस्ट महिन्यात आमच्याकडे दोनच प्रश्न असतात. दौंडला विसर्ग किती आणि उजनी किती टक्के? वरून पाणी किती येतंय ते बघून आधीच थोडा थोडा विसर्ग सोडला, तर खाली पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली गेलं तरी गाव वाचतं. पण धरण काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकदम पाणी सोडलं, तर हाहाकार.

ऑपरेशननंतरच्या वेदनेचं व्यवस्थापन याच तत्त्वावर चालतं. वेदना शिगेला पोहोचल्यावर एकच जबर औषध भरमसाट देण्यापेक्षा, आधीपासून, ठरलेल्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी औषधे बेताच्या मात्रेत द्यायची. १९९३ साली डेन्मार्कचे हेन्रिक केलेट आणि यॉर्गेन डाल यांनी ही कल्पना ठळकपणे मांडली. आज तिला बहुआयामी वेदनाशमन म्हणता येईल. सिग्नलच्या वाटेवर नाके कुठे कुठे बसवता येतात ते पाहा :

१) जखमेच्या जागी : सूज उतरवणारी वेदनाशामके, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. रसायने तयार होण्याचा कारखानाच ती मंदावतात. मात्र मूत्रपिंड, जठर आणि हृदय यांची आधी चौकशी करावी लागते.

२) तारेवर : मज्जातंतूभोवती भुलीचे औषध सोडून सिग्नल वाटेतच थांबवणे. याला ब्लॉक म्हणतात.

३) मज्जारज्जूत : मणक्यातली भूल. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ती ऑपरेशनसाठी प्रथम वापरली.

४) मेंदूच्या बाजूने : पॅरासिटामॉल. साधी गोळी म्हणून आपण तिला हसतो, पण ठरलेल्या वेळी दिली तर इतर औषधांची गरज ती चांगलीच कमी करते. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. त्यापुढे यकृताला धोका.

५) आणि अफूच्या कुळातली औषधे : मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल वगैरे. ही मेंदू आणि मज्जारज्जूतल्या खास ग्राहींवर बसतात. ताकद मोठी, पण सोबत मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी, जास्त मात्रेत श्वास मंदावणे आणि लांबल्यास सवय.

पहिली चार नाकी नीट लावली की पाचव्याचं काम थोडक्यात आणि थोड्या दिवसांत भागतं. अफूच्या औषधांचा वापर कमी करायचा म्हणजे रुग्णाला कळा सोसायला लावायच्या असा अर्थ नाही. इतर दरवाजे आधी उघडायचे, एवढाच अर्थ.

अफू पिकवणारा देश

या औषधांच्या बाबतीत आपल्या देशाची गोष्ट विचित्र आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ झालं, की पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. कॅन्सरचे रुग्णही तळमळत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना वाट सोपी करून दिली गेली.

मॉर्फिन मिळेना, तेव्हा ती जागा ट्रामाडॉलने घेतली. हे औषध १९६२ साली जर्मनीत तयार झालं. त्यावर या कायद्याचं बंधन नव्हतं, त्यामुळे ते गावोगाव पोहोचलं. गैरवापर वाढला तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, दुकानदाराला रुग्णाची आणि डॉक्टरची नोंद ठेवावी लागते. कागदावर नियम चोख आहे.

तिकडे अमेरिकेत नेमकं उलट घडलं. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आली, सवय लागत नाही असा तिचा गाजावाजा झाला आणि दुखण्यासाठी अशा गोळ्यांच्या बाटल्या घरोघर गेल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत अफूच्या कुळातल्या औषधांनी आणि नशेच्या पदार्थांनी तिथे लाखो माणसं गेली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ‘गर्द’ने पोरं पोखरली, ते याच कुळातलं. त्याच काळात, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं.

म्हणजे एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. आमच्या आण्णांच्या बाबतीत दोन्ही झालं. गरज होती तेव्हा काही दिवस औषध कमी पडलं आणि गरज संपल्यावर आठ महिने जास्त झालं.

स्टार्टरची पेटी

कॅप्सूल चालू आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला वाटायचं, पायामुळे चिडचिड करतात. सकाळी उठलं की सारख्या जांभया, नाक गळणं, अंगाला दरदरून घाम. आज्जी म्हणायची, सर्दी झालीया, काढा घे. तासाभराने आण्णा काठी टेकत मोटारीकडे चक्कर मारून यायचे आणि परतताना माणूस ठीकठाक!

जुलैत एकदा मोटार पडली म्हणून मी फ्यूज बघायला काठावर गेलो. स्टार्टरची पेटी उघडली, तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅप्सूलची रिकामी आणि भरलेली पाकिटं. मी मोजलं. दिवसाला आठ कॅप्सूल, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. नंतर कळलं की मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादाच तेवढी आहे आणि त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढतो. कुठल्याशा दुकानातून ओळखीवर मिळत होत्या, चिठ्ठी कुणी विचारत नव्हतं.

मी पिशवी होती तशी ठेवली. एक पाकीट तेवढं खिशात घातलं. बोलायचं धाडस झालं नाही. बापाला हे कसं विचारायचं?

ऑगस्टमध्ये एक्स-रे काढला. हाड जुळलं नव्हतं. पुन्हा ऑपरेशन ठरलं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून नडगीत भरायचा, यावेळी सोलापूरला. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ मॅडम तपासायला आल्या. बीपी, शुगर, दम लागतो का, तंबाखू, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, ‘काका, कुठली औषधं चालू आहेत? दुखण्याच्या गोळ्या?’

आण्णा म्हणाले, ‘काय न्हाई. कवातरी एखादी.’

माझ्या खिशात ते पाकीट होतं. ते काढून टेबलावर ठेवताना माझा हात कापत होता. ‘मॅडम, रोज आठ. आठ महिने झाले.’

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. चारचौघांत मी त्यांची अब्रू काढली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. पाकीट हातात घेऊन त्या आण्णांना म्हणाल्या, ‘काका, ह्यात तुमचा काही गुन्हा नाही. दुखत होतं, औषध मिळालं, कुणी थांबवलं नाही. पण हे मला कळलं नसतं तर घोटाळा झाला असता.’ मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीराला या औषधाची सवय झाली की ऑपरेशननंतरची नेहमीची मात्रा पुरत नाही. रुग्ण कळवळतो आणि डॉक्टरांना कारण समजत नाही. शिवाय वॉर्डात कॅप्सूल एकदम बंद झाल्या असत्या, तर घाम, थरथर, जुलाब, बेचैनी सुरू झाली असती आणि ते इन्फेक्शन समजून भलतेच उपचार झाले असते. एकदम बंद करायच्या नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरायचं. ऑपरेशन तातडीचं नव्हतं, म्हणून त्यांनी सर्जनशी बोलून ते महिनाभर पुढे ढकललं.

तो महिना वाईट गेला. कॅप्सूलची डबी आईच्या ताब्यात, वेळेवर मोजून द्यायची, डॉक्टर सांगतील तसं कमी करायचं. रात्र रात्र आण्णा ओट्यावर बसून असायचे. माझ्याशी मात्र चकार शब्द नाही.

दुसरे ऑपरेशन

यावेळी सगळा आराखडा आधी ठरला होता. पाठीत भूल. शिवाय ऑपरेशन संपताना गुडघ्यामागे ब्लॉक. मॅडमनी मला नंतर त्याचं तंत्र सांगितलं, ते ऐकून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. सुईतून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडतात. ०.५ मिलिअँपिअरच्या आसपास पाऊल हललं, की टोक मज्जातंतूजवळ आहे असं समजायचं आणि औषध सोडायचं. सोनोग्राफीवर मज्जातंतू डोळ्यांनी बघूनही हे करतात. पण १९९४ च्या गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, त्यामुळे लहान ठिकाणी भूलतज्ज्ञाच्या हाती ते सहज येत नाही. कमरेच्या जखमेतही सर्जननी भुलीचं औषध भरलं.

पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखो वा न दुखो. रक्ताचे रिपोर्ट बघून सूज उतरवणारं औषध थोडे दिवस. महत्त्वाचं म्हणजे ब्लॉक उतरण्याची वाट न पाहता गोळ्या आधीच चालू. नाहीतर भूल उतरली की कळ एकदम उसळते. पहिल्या रात्री दोनदा मॉर्फिनची छोटी मात्रा द्यावी लागली, श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवून. उतरत्या मात्रेतली ट्रामाडॉल तेवढी चालू होती.

भिंतीवर एक तक्ता लावला होता. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. दर चार तासांनी सिस्टर आकडा विचारायच्या. नुसतं पडून असताना किती हे नाही, खोकल्यावर आणि पाय हलवल्यावर किती ते. पहिल्यांदा आण्णा म्हणाले, ‘दुखतंय की थोडंफार.’ सिस्टर म्हणाल्या, ‘काका, थोडंफार नको, आकडा सांगा.’ आण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘सात.’

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आण्णांनी आपलं दुखणं कबूल केलं होतं! तासाभराने चार झाला. संध्याकाळी तीन. मग मलाच म्हणाले, ‘उजनीवानी उणे कधी जाईल रं?’ महिनाभरानंतर ते माझ्याशी बोलले, ते हे वाक्य.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले. तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढून गोळ्या वर नेण्यात तर शेजारच्या खाटेशी पैज लागली. छाती स्वच्छ राहिली. घरी आल्यावर दीड महिन्यात ट्रामाडॉल पूर्ण सुटली. पुढे हाडही जुळलं.

ध्यानात ठेवावे असे काही

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी ऑपरेशन होतंच. म्हणून अनुभवाचे चार बोल :

१) ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय राहू नका. ‘नंतर दुखू नये म्हणून काय करणार? ब्लॉक देता येईल का?’ हे सरळ विचारा.

२) चालू असलेली प्रत्येक गोळी, दारू, तंबाखू सांगा. लाज वाटली तर पाकीट दाखवा. रुग्ण लपवत असेल तर घरच्यांनी सांगावं.

३) दुखणं आकड्यात सांगा आणि वाढण्याआधी सांगा. शून्य होईल अशी अपेक्षा नको. खोकता, हलता, झोपता आलं की पुष्कळ झालं.

४) ट्रामाडॉलसारखं औषध लिहून दिलं तर ‘किती दिवस आणि बंद कसं करायचं?’ हे त्याच वेळी विचारून घ्या. उरलेल्या कॅप्सूल घरात ठेवू नका, दुसऱ्याला देऊ नका. त्यावर दारू किंवा झोपेची गोळी तर मुळीच नको, श्वास थांबू शकतो.

५) सवय लागलीच असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

६) अंगदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून घेतलेल्या सुजेच्या गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात. उन्हात घाम गाळून कमी पाणी पिणाऱ्या ऊसतोड कामगारांना तर जास्तच.

परवा सुट्टीत गावी गेलो होतो. आण्णा मोटार चालू करायला निघाले, मीही मागोमाग गेलो. त्यांनी स्टार्टरची पेटी उघडली आणि उघडीच ठेवून बाजूला झाले. आत फक्त फ्यूज आणि एक पाल होती. ‘बघून घे, इंजिनेर,’ म्हणाले. मी हसलो. तेही हसले. बटण दाबलं, आणि पाणी केळीला गेलं.